पोहोचताच विकण्याच्या अटीवर

२ डिसेंबर, बुधवार

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून पाण्याचे पाइप तयार करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब विभागाचा प्रमुख होतो. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वय पंचावन्न. प्रकृती उत्तम. पोहता येते, परंतु आजवर ज्या पाण्याची खोली काठावर लिहिलेली असते अशाच पाण्यात पोहलो आहे. उद्या पहाटे पत्नीच्या शिडाच्या नौकेतून आम्ही तिघे महासागर ओलांडण्यास निघत आहोत. प्रस्तुत दैनंदिनीचा हेतू सृष्टिसौंदर्याचे वर्णन करणे हा नसून घडेल ते जसेच्या तसे नोंदवणे हा आहे, जेणेकरून पुढे घरात या प्रवासाविषयी मतभेद उद्भवल्यास हाताशी पुरावा असावा.

नौकेची कप्तान माझी पत्नी आहे. ती तंबू, कनाती आणि शिडे शिवण्याचा कारखाना चालवते. तिसरा इसम तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. तो फर्निचर बनवतो, अविवाहित आहे, आणि त्याला त्याची यत्किंचितही खंत नाही. ही नौका या बहीणभावांनी कारखान्यामागच्या आवारात, रविवारच्या सुट्ट्यांत, अनेक वर्षे खपून बांधली. त्या सर्व रविवारी मी घरी एकटा जेवलो. ही तक्रार नाही, नोंद आहे.

प्रवासास मी एका अटीवर संमती दिली. पलीकडच्या बंदरात पोहोचताच नौका विकायची आणि तिघांनी विमानाने परत यायचे. गिऱ्हाईकही मीच शोधले. ते तेथील एक दंतवैद्य असून पत्रव्यवहारात अत्यंत चोख आहेत. अट ऐकवली तेव्हा पत्नी शीड शिवत होती. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या, "बरं" म्हणाली, आणि टाचण्या परत तोंडात धरल्या. इतकी मोठी अट इतक्या सहज मान्य झाली, यावरून ती रास्त होती हे उघड आहे.

मेहुण्याचे मत निराळे पडले. "भाऊजी, ताई भांडते तोवर काही काळजी नसते. ती 'बरं' म्हणाली की मी दार कुठे आहे ते बघून ठेवतो."

नौकेवर माझ्याकडे भांडार व स्वयंपाक ही दोन खाती सोपवण्यात आली आहेत.

५ डिसेंबर

प्रकृतीविषयी मागील नोंदीत केलेले विधान मागे घेतो.

६ डिसेंबर, रविवार

आज उठून बसता येते. निघाल्यापासून मी बिछान्यावर होतो आणि माझ्या शेजारी एक बादली होती. त्या बादलीवर मेहुण्याने खडूने 'हिशेब विभाग' असे लिहून ठेवल्याचे आज उजेडात आले.

"अहो, लांब बघा. क्षितिजाकडे. बरं वाटेल," पत्नी म्हणाली.

मी पाहिले. क्षितिजही हलत होते. तसे मी तिच्या निदर्शनास आणून दिले.

"ते नाही हलत. आपण हलतोय."

हे सांत्वन होते किंवा कसे, याविषयीचा निर्णय मी राखून ठेवला आहे. ती खाली फळीवर, समोरच्या बिछान्याला पाय रोवून, माझ्या उशाशी बसली होती आणि एकेक कोरडे बिस्किट मला भरवत होती. कप्तानाने एका कर्मचाऱ्यापाशी इतका वेळ घालवणे शिस्तीला धरून नाही, असे मी म्हणू लागलो. तिने पुढचे बिस्किट तोंडात घातले, त्यामुळे मुद्दा तडीस नेता आला नाही.

८ डिसेंबर

नौकेच्या अंतर्भागाची नोंद करतो. मध्ये उभे राहून हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या बिछान्यांना बोटे लागतात. एका कोपऱ्यात शेगडी आहे. ती पाळण्यासारखी टांगलेली असल्याने नौका कलली तरी भांडे सरळ राहते. कलतो तो स्वयंपाकी. म्हणून स्वयंपाकाच्या वेळी मला कमरेला पट्टा बांधून भिंतीला अडकवले जाते. ही व्यवस्था मला अपमानास्पद वाटते असे मी म्हटले.

"हात मोकळे आहेत ना, भाऊजी?" मेहुणा म्हणाला. "मग अर्धा कप अजून ओता."

नौकेच्या मागच्या टोकाला मेहुण्याने स्वतः घडवलेले एक लाकडी यंत्र आहे. त्याचे उभे पाते वाऱ्याबरोबर फिरते आणि दोऱ्यांच्या साहाय्याने सुकाणूचा दांडा आपोआप वळवते, त्यामुळे दांडा धरून कोणी सतत बसण्याची गरज राहत नाही. वारा मनासारखा असला की हे यंत्र उत्तम चालते. वारा जरा बदलला की अडून बसते, आणि मग कोणीतरी मागे जाऊन त्याला गोंजारावे लागते. बहीणभाऊ त्याला 'जावई' म्हणतात.

"ताई, जावई रुसलाय गं."

"तू बघ. मी आत्ताच समजूत घालून आले त्याची."

"काय हवंय काय त्याला?"

"काही नाही. त्याला विचारून वारा वाहायला हवा, बस."

यंत्रास हे नाव का दिले, असे मी विचारले. मेहुण्याला खोकला आला. पत्नी म्हणाली, "असंच. सुटसुटीत आहे. पटकन हाक मारता येते."

पहाऱ्याच्या पाळ्या लावण्यात आल्या. पहाटेची कप्तानाकडे, रात्रीची मेहुण्याकडे व अंशतः पुन्हा कप्तानाकडे, आणि न्याहारीनंतरची माझ्याकडे. माझी पाळी सर्वांत जबाबदारीची आहे असे पत्नीने आवर्जून सांगितले, कारण त्या वेळी लख्ख उजेड असतो आणि सगळेच दिसते.

१० डिसेंबर

भांडार खात्यात गंभीर अडचण उद्भवली आहे.

डब्यांवरची कागदी लेबले ओलीने सुटतात आणि पाणी उपसण्याच्या पंपात अडकतात, म्हणून ती निघण्यापूर्वीच काढावीत, हे मी वाचले होते. त्यानुसार सर्व लेबले काढून प्रत्येक डब्यावर आतील पदार्थाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले. शाई आमच्या विभागात वापरत असत ती घेतली. कागदावर ती वर्षानुवर्षे फिकट होत नाही याची मला खात्री होती. डबे तळाच्या कप्प्यात रचले. त्या कप्प्यात थोडे खारे पाणी येते. आज कप्पा उघडला असता सर्व डबे स्वच्छ, चकचकीत आणि एकसारखे होते.

पत्नीने एक डबा कानाशी धरून हलवला. "वाटाणे."

अननस निघाले.

मेहुण्याने दुसरा हलवला आणि मासे असल्याची पैज लावली. अननस निघाले. मग मी वजन, आवाज आणि झाकणाचा उंचवटा यांचा पद्धतशीर विचार करून तिसरा डबा घेवड्याचा असल्याचे जाहीर केले. जेवणास भात आणि अननस होते.

"किती घेतलेत तुम्ही अननस?" पत्नीने विचारले.

"सवलत होती," मी म्हणालो.

तिने तोंड फिरवले, पण तिचे खांदे हलत होते. नौकाही हलत होती, त्यामुळे निश्चित काही सांगता येत नाही.

१३ डिसेंबर, रविवार

सकाळी पत्नीने शीड कापण्याच्या कात्रीने माझे केस कापले. मी डोलकाठीला टेकून बसलो होतो. "हलू नका हो," ती म्हणाली. मी हलत नसून आपण सर्व हलत आहोत, हे तिचेच विधान मी तिला ऐकवले. उत्तरादाखल डाव्या बाजूचे केस उजव्या बाजूपेक्षा आखूड झाले.

दुपारी तिघे एकत्र जेवलो. डब्यात घेवडा निघाला. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. मग तो बहीणभावांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांनी केलेल्या एका टेबलाची गोष्ट सांगू लागला, ज्याचे चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे झाले होते आणि जे ते अखेरपर्यंत, जमीनच वाकडी आहे असे सांगून, वापरत राहिले. ही गोष्ट मी पूर्वी ऐकलेली नव्हती. लग्नाला इतकी वर्षे होऊनही ती माझ्या कानावर कशी आली नाही, असे मी विचारले.

"रविवारी सांगायची गोष्ट आहे ती," पत्नी म्हणाली. "आवारात, चहाच्या वेळी."

जेवण संपल्यावरही कोणी उठले नाही. उठून जाण्यास तसे ठिकाणही नव्हते.

१६ डिसेंबर

वही भिजल्याने अक्षर चांगले नाही, क्षमस्व.

सकाळी माझ्या पाळीत मागून ढगांची काळी भिंत येताना दिसली. मी रीतसर खाली जाऊन कप्तानाला सूचना दिली. बहुधा तेथूनच ओरडायला हवे होते, कारण मी वर येईपर्यंत वारा आमच्यावर होता. नौका एका कुशीवर झोपली. मोठे शीड मधोमध फाटले. तो आवाज मोठ्या कापडाच्या दुकानात ठाण फाडतात तसा, फक्त पुष्कळ मोठा होता. जावयाचे पाते तुटून समुद्रात गेले. शीड उतरवताना मेहुण्याचा हात दोर आणि कप्पीच्या मध्ये सापडला. त्याची दोन बोटे मोडली असावीत.

या सर्व काळात पत्नीचा आवाज एकदाही चढला नाही. "अहो, तो दोर सोडा. तो नाही, निळा. अहो, निळा." मी निळाच सोडला. तत्पूर्वी सोडलेला दोर हिरवा होता. ओल्यात हिरवा व निळा यांत फारसा फरक राहत नाही.

दुपारपर्यंत सर्व शांत झाले. मेहुण्याच्या बोटांना पत्नीने लाकडाच्या पट्ट्या बांधल्या.

"नीट बांध गं. उजवा हात आहे, पोट त्याच्यावर आहे."

"गप्प बस. शिवू का सरळ?"

तो हसला, पण त्याचा चेहरा पांढरा होता. दूरच्या किनाऱ्यापर्यंत मोठ्या शिडावाचून पोहोचणे कठीण आहे, हे त्यानेच मला हळू आवाजात सांगितले.

१७ डिसेंबर

सकाळी पत्नीने मला मागे, सुकाणूपाशी नेले.

"बसा इथे. दांडा धरा. मी शीड शिवायला घेते, दाद्याला एका हाताने जमणार नाही." मेहुण्यास ती लहानपणापासून दाद्या म्हणते, तो धाकटा असून दादागिरी करी म्हणून. "होकायंत्र सारखं बघू नका. मागची लाट बघा. संध्याकाळपर्यंत मला वर येता येणार नाही."

"आणि मला जमलं नाही तर?"

"होडी वेडीवाकडी हलेल, माझी शिवण वाकडी होईल, मी उसवीन आणि परत घालीन. त्यात काय."

एवढे बोलून ती खाली गेली आणि फाटलेले शीड अंगावर ओढून शिवायला बसली. मोठ्या समुद्रात मी त्या दांड्यासह एकटा राहिलो.

आरंभीचा आमचा मार्ग माझ्या विभागातील सर्वांत कनिष्ठ कारकुनाच्या सहीसारखा असावा. खालून दोनदा "उसवलं" असे ऐकू आले. मी दांडा घट्ट आवळून धरला होता. जितका आवळावा तितकी नौका अधिक हट्ट करी. मग हात भरून आले म्हणून, केवळ म्हणूनच, पकड सैल केली. तेव्हा लक्षात आले की वळण्यापूर्वी ती तळहाताला कळवते. मागून लाट आली की ती किंचित मागे टेकते, जणू विचार करते, आणि मग उतारावरून पुढे घसरते. तो विचार करण्याचा क्षण ओळखता आला की आपण थोडेसे सुचवायचे. उरलेले काम तीच करते. आजवर माझ्या हाताखाली अनेक माणसे काम करून गेली. इतक्या कमी सांगण्यावर इतके नीट काम करणारे कोणी आठवत नाही.

"अहो, कुणाशी बोलताय?" खालून आवाज आला.

"कुणाशी नाही. हिशेब करतोय."

"तुमच्या हिशेबात 'शाब्बास गं' येतं वाटतं?"

वारा तिच्याकडून माझ्याकडे वाहत नसल्याने हा प्रश्न मला ऐकू आला नाही असे धरले.

संध्याकाळी ती वर आली. सुया टोचून तिची बोटे लाल झाली होती. माझ्याजवळ बसली.

"उठा आता. दमला असाल."

"एवढी लाट होऊ दे."

ती बसून राहिली. त्या लाटेनंतर बऱ्याच लाटा झाल्या.

१८ डिसेंबर

यंत्राच्या नावाचा अर्थ आज भांडी घासताना माझ्या लक्षात आला. उभयतांकडे निषेध नोंदवला.

"हरलीस, ताई," मेहुणा म्हणाला. "मी म्हटलं होतं ना, जमीन दिसायच्या आत कळेल त्यांना."

"मला वाटलं, कळणारच नाही."

"आणि भाऊजी, तो बिचारा गेला समुद्रात. आता घरचाच आहे तर त्याच्याकडून काम करून घेऊ."

सुकाणूच्या पाळ्या यापुढे माझ्यात व पत्नीत वाटून घेण्यात आल्या. शीड वर चढवले. मधोमध मोठे ठिगळ आहे. लांबून कसे दिसत असेल कोण जाणे, पण वारा त्याला ठिगळ समजत नाही.

२२ डिसेंबर

वारा पडला. समुद्र इस्त्री केल्यासारखा. होडी जागच्या जागी उभी आहे आणि शीड नुसते लटकते आहे. पत्नी ठिगळाच्या कडेने आणखी एक टिपेची ओळ घालत बसली होती.

"झालं की ते. पुन्हा कशाला?"

"दुसऱ्याच्या हाती जायचंय ना. आपल्या हातची वस्तू नीट गेली पाहिजे."

विक्रीविषयी हा तिचा दृष्टिकोन मला अतिशय जबाबदारीचा वाटला व मी तिचे अभिनंदन केले. तिने मेणाचा तुकडा दोऱ्यावरून फिरवला. तोच तुकडा त्याच दोऱ्यावरून ती पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. मेण नीट धरत नसावे.

वातावरण अनुकूल दिसल्याने मी पुढील आयुष्याची रूपरेषा मांडली. होडी विकल्यावर रविवारी आपण दोघेही घरी असू, असे सांगितले.

"हो," ती म्हणाली. "काय करू या रविवारी?"

मी विचार केला. "जेवू या."

"आणि जेवण झाल्यावर?"

नेमका त्याच सुमारास पाण्यावर सुरकुत्या उमटल्या आणि शीड फुगले, त्यामुळे उत्तर देण्याची वेळ टळली. सुकाणू मी घेतले. पाळी वास्तविक तिची होती.

२७ डिसेंबर, रविवार

पहाटे आधी मातीचा वास आला, मग जमीन दिसली. प्रथम मेहुण्याने पाहिली आणि पट्ट्या बांधलेला हात वर करून दाखवली. दुपारी बंदरात शिरलो. दोर धक्क्याला मी बांधला. धक्क्यावरच्या एका माणसाने, कुठून आलात, असे विचारले. उत्तर ऐकून त्याने आधी होडीकडे आणि मग माझ्या केसांकडे पाहिले.

इतका आनंदाचा प्रसंग असूनही पत्नी होडीवरून उतरली नाही. थकली असावी. मलाही छातीत काहीसे जड वाटते आहे. पित्त असावे. जमिनीवर पाय ठेवला तर जमीन हलत होती. परत होडीवर आलो तेव्हा बरे वाटले.

दंतवैद्यांना निरोप पाठवला आहे.

२९ डिसेंबर

दिवसभर साफसफाई. मेहुण्याने डाव्या हाताने फळ्यांना तेल लावले व एकही विनोद केला नाही. पत्नीने आपल्या सुया, मेण आणि शीड शिवताना तळहाताला बांधायचा चामडी पट्टा पिशवीत भरला. शेगडी घासली. मग सुकाणूचा दांडा पुसायला बसली. मी दोनदा तिथून गेलो. दोन्ही वेळा ती तोच दांडा पुसत होती. त्याला डाग होता असे मला दिसले नाही.

"मी मदत करू?" मी विचारले.

"नको," ती म्हणाली. "उद्या ते यायच्या आत दाढी करा."

३० डिसेंबर

दंतवैद्य ठरल्या वेळी आले. मनुष्य सभ्य आहे, हे प्रथम नमूद करतो. चढण्यापूर्वी त्यांनी बूट काढून हातात घेतले. सवयीनुसार असेल, फळ्यांवर ते नखाने टकटक करून कान लावत होते. पत्नीने त्यांना सर्व दाखवले आणि काहीही वाढवून सांगितले नाही.

"छान," ते म्हणाले. "हे बिछाने काढले की आठदहा माणसं आरामात बसतील. हे शीड बदलू, ठिगळाचं बरं दिसत नाही. आणि हा दांडा," त्यांनी सुकाणूच्या दांड्यावर टकटक केले, "हा काढून टाकू. छानसं चाक बसवू या. फोटोत शोभतं."

"चाकाने लाट कळत नाही," मी म्हणालो.

"लाटेशी काय करायचंय? धक्क्यालाच असणार ही. सुट्टीला मित्र आले की संध्याकाळी बसायला. समुद्रात जातंय कोण."

पत्नी म्हणाली, "तुमची झाली की तुमच्या मनासारखं करा." मग तिने मेहुण्याला, "चल, पाणी भरून आणू," असे सांगितले आणि दोघे धक्क्यावर गेली. पाण्याच्या टाक्या भरलेल्या होत्या. ही गोष्ट तिच्या ध्यानात राहिली नसावी.

दंतवैद्य माझ्यासमोर बसले. "तुमची पत्रं वाचली तेव्हाच म्हटलं, माणूस व्यवहाराला पक्का आहे. आता तुम्हीच सांगा. हिच्यात दोष काय काय?"

माझ्या सबंध नोकरीत मला दोष विचारून कोणी निराश होऊन परत गेलेले नाही.

मी आरंभ उजव्या बाजूच्या खिडकीपासून केला. ती गळते, आणि बरोबर खालच्या उशीवर गळते. तेथून पंपाकडे वळलो. त्यानंतर इंजिन: ते थंडीत पहिल्या हाकेला कधीच उठत नाही. मागून लाटा असल्या की सुकाणू रात्रभर कण्हते आणि परक्या माणसाला झोप लागत नाही. तळाच्या कप्प्यात खारे पाणी येते; परिणामांची माहिती स्वानुभवाने दिली. शौचालयाच्या पंपाविषयी मी सविस्तर बोललो, परंतु तो भाग येथे उतरवत नाही. सुकाणू चालवणारे यंत्र मोडले आहे, मोठे शीड एकदा फाटले आहे, आणि स्वयंपाक करणाऱ्याला पट्ट्याने बांधावे लागते. यांतील प्रत्येक शब्द खरा आहे.

दंतवैद्यांनी मांडीवरचे बूट खाली ठेवले, मग परत उचलले.

"आणि अशा होडीतून तुम्ही महासागर ओलांडलात?"

"हो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली."

यापुढे त्यांनी, मग कसे निभावले, असे विचारले असते तर मी लाटेविषयी, आणि ती मागे टेकून विचार करते त्या क्षणाविषयी सांगितले असते. त्यांनी विचारले नाही. न विचारलेली माहिती पुरवणे विक्रेत्यावर बंधनकारक नाही.

किंमत कमी होईल का, असे मात्र त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. इतके दोष असून कमी का नाही, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे वाणिज्यशास्त्रात बसेल असे उत्तर नव्हते. म्हणून चहा दिला. तो पिऊन ते गेले. जाताना हात हातात घेऊन, तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस आजवर पाहिला नाही, असे म्हणाले.

बहीणभाऊ परत आली. पत्नीच्या हातातला पाण्याचा कॅन रिकामाच होता.

"गेले?"

"गेले."

"न्यायला कधी येतायत?"

"येणार नाहीत."

तिने कॅन खाली ठेवला. "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"त्यांनी दोष विचारले. मी सांगितले."

"खोटं?"

"एक शब्दही नाही."

"आणि वादळात कशी उभी राहिली, ते?"

"विचारलं नाही त्यांनी."

मेहुण्याला पुन्हा तो जुना खोकला आला. तो पाठ फिरवून समुद्राकडे पाहत खोकत राहिला. पत्नी माझ्याकडे बघत होती.

"अट होती तुमची. विकायची."

"पोहोचताच विकायची, अशी होती. रविवारी पोहोचलो, आज बुधवार आहे. याला 'पोहोचताच' म्हणता येणार नाही. अट बाद झाली."

"कोणी ठरवलं?"

"ज्याने घातली होती त्याने."

ती वळली. होडीच्या पुढच्या टोकाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तेथील दोर मी सकाळीच नीट गुंडाळला होता. तिने तो सोडला आणि पुन्हा गुंडाळू लागली. दोन वेढे घालून हात थांबत होते, मग पुन्हा चालू होत होते. मी पुढे जाऊ लागलो तेव्हा मेहुण्याने माझी बाही धरली. "राहू द्या, भाऊजी. वारा बघतेय ती."

वारा नव्हता. परंतु मी थांबलो.

बऱ्याच वेळाने ती परत आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि आवाज नेहमीचा, कप्तानाचा होता. "परतीच्या वाटेला ती न्याहारीनंतरची पाळी तुमची नाही. दाद्या घेईल ती, त्याचा हात बरा होईपर्यंत. तुम्ही पहाटेची घ्यायची."

"पहाटेची अवघड असते."

"म्हणून तर," ती म्हणाली. "मला झोपायचं असतं पहाटे. इतकी वर्षं कुणावर सोपवून झोपावं असं कुणी नव्हतं."

३१ डिसेंबर

आज सकाळी नव्या पात्यासाठी लाकूड घेतले. मेहुणा सांगेल तसे तासण्याचे काम माझ्याकडे आहे. पहिले पाते वाया गेले. आवारात काम शिकायला इतकी वर्षे उशीर केल्याबद्दल त्याने मला दंड म्हणून चहा करायला लावला आणि चहाच्या वेळी वडिलांची आणखी एक गोष्ट सांगितली, जी येथे लिहिण्याजोगी नाही.

पत्नीने शिवणाची पिशवी उघडून सर्व सामान जागच्या जागी लावले. मग माझी उशी दोन बोटांत धरून उन्हात घातली.

"ती खिडकी तेवढी नीट करून घ्या हो. रोज ओल्यात झोपता."

"नको गं ताई," मेहुणा म्हणाला. "सगळे दोष मिटवलेस तर पुढच्या गिऱ्हाइकाला भाऊजी सांगणार काय?"

मेहुण्याचा मुद्दा मला आयुष्यात प्रथमच ग्राह्य वाटला. खिडकी आहे तशीच ठेवण्यात आली आहे.

(सही)
भांडार, स्वयंपाक व पहाटेची पाळी

स्थळ : आमची होडी, धक्क्याला बांधलेली
दिनांक : ३१ डिसेंबर